अँग्लो-उर्दू : एका जोडनावाचा इतिहास

मुंबईपासून विदर्भापर्यंत महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या फलकावर 'अँग्लो उर्दू हायस्कूल' हे नाव दिसते. त्या फलकाखालून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला, आणि खरे सांगायचे तर शिक्षकालाही, या नावात विशेष काही वाटत नाही. पण या दोन शब्दांच्या मधोमध पावणेदोनशे वर्षांहून जुना एक वाद उभा आहे. ज्ञान आपल्या भाषेत आणावे, की ज्ञान मिळवण्यासाठी इंग्रजी शिकावी? हा वाद मोठमोठ्या विद्वानांनी केला, त्यासाठी संस्था काढल्या, कोश छापले, विद्यापीठ उभारले. त्याचा निकाल मात्र दरवर्षी जूनमध्ये अकरावीच्या वर्गात लागतो.

दहावीपर्यंत उर्दूतून विज्ञान शिकलेली मुलगी अकरावी सायन्सला जाते. तिथे पुस्तक इंग्रजी, शिकवणे इंग्रजी, प्रश्नपत्रिका इंग्रजी. तिला विषय येत नाही असे नाही. 'जियाई तालीफ' म्हणजे काय, पान सूर्यप्रकाशात अन्न कसे तयार करते, हे ती सहज सांगेल. फळ्यावर 'फोटोसिंथेसिस' लिहिले की तीच मुलगी गप्प होते. दोन महिन्यांत तिला वाटू लागते की आपण 'ढ' आहोत. काही मुली तिथूनच आर्ट्सकडे वळतात, काही घरी बसतात. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्या प्रत्येकाने हे पाहिलेले आहे. म्हणून हायस्कुलात इंग्रजी शब्द शिकण्याचा आपला इतिहास काय आहे, हे एकदा नीट पाहावे असे वाटले.

यमकात बांधलेले शब्द

परकी भाषा शब्दांपासून शिकवावी ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. मक्तबात शब्द शिकवण्याची स्वतंत्र पद्धत होती. तिला 'निसाब' म्हणत. तेराव्या शतकात अबू नस्र फराही यांनी 'निसाबुस्सिबियान' रचले. अरबी शब्द आणि त्यांचे फारसी अर्थ त्यांनी पद्यात गुंफले. मुलांनी चालीवर म्हणावे आणि शब्द आपोआप तोंडी बसावेत, हा हेतू. हे पुस्तक शेकडो वर्षे चालले.

हिंदुस्थानात याच धर्तीवर 'खालिकबारी' लोकप्रिय झाले. फारसी-अरबी शब्दांना हिंदवी प्रतिशब्द देणारे हे छोटे पद्यमय पुस्तक परंपरेने अमीर खुसरोंच्या नावावर आहे. संशोधक हाफिज महमूद शीरानी यांनी मात्र ते जहांगीरच्या काळातील दुसऱ्या एका खुसरोचे असल्याचे मांडले. कर्ता कोणीही असो, पिढ्यानपिढ्या मुलांनी ते पाठ केले. मिर्झा गालिब यांच्यासारख्या शायरानेही घरातल्या मुलांसाठी 'कादिरनामा' लिहिला, तोही याच जातीचा.

आपल्या मराठी मुलखातही असे उदाहरण आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला. कारभारात रुळलेल्या सुमारे १४०० फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत आणि तेही श्लोकबद्ध. हेतू वेगळा होता. पण शब्द लक्षात राहायचा तर त्याला लय हवी, हे त्या काळच्या सर्वांनाच माहीत होते.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नवा शब्द नेहमी मुलाला येत असलेल्या शब्दाच्या शेजारी बसवलेला असे. माहीत असलेल्याचा हात धरून माहीत नसलेल्याकडे जायचे. हा हात पुढे सुटला.

मनाई आणि ओढ

२ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले आणि त्याच वर्षी ७ मार्चला गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळवला. कलकत्त्याच्या हजारो मुसलमानांनी याविरुद्ध अर्जावर सह्या केल्या. त्यांना यात धर्मांतराचा डाव दिसत होता. १८३७ मध्ये कायदा करून कचेऱ्यांतून फारसी हटवण्याची वाट मोकळी झाली. १८४४ मध्ये लॉर्ड हार्डिंज यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. दहा वर्षांच्या आत एका मोठ्या शिकलेल्या वर्गाची विद्या बाजारात उतरली. काल फारसी जाणणारा मुन्शी सुशिक्षित होता, आज तो अडाणी ठरला. आपल्या समाजातील इंग्रजीविषयीचा राग केवळ धर्माच्या नावाने होता असे मानणे सोपे आहे. त्यात पोटावर आलेल्या पायाचाही भाग होता.

याच काळात दिल्लीत एक वेगळा प्रयोग चालू होता. जुन्या गाजीउद्दीन मदरशातून १८२५ मध्ये दिल्ली कॉलेज निघाले. तिथल्या पौर्वात्य विभागात गणित, ज्योतिष, पदार्थविज्ञान हे सारे उर्दूतून शिकवले जाई. १८४० नंतरच्या काही वर्षांत कॉलेजच्या आश्रयाने भाषांतर मंडळ चालले आणि इंग्रजी पुस्तके उर्दूत आली. मंडळाने भाषांतराचे नियमही ठरवले. उर्दूत सोपा शब्द असेल तर तो घ्यावा, नसेल तर इंग्रजी शब्द तसाच ठेवावा, हा त्यातला मुख्य विचार. इतका व्यवहारी विचार पुढच्या अनेक समित्यांना जमला नाही.

या कॉलेजात मास्टर रामचंद्र गणित शिकवत. बीजगणिताच्या आधारे त्यांनी लिहिलेला ग्रंथ १८५० मध्ये निघाला आणि गणिती डी मॉर्गन यांच्या पुढाकाराने १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा छापला गेला. म्हणजे उर्दूत विज्ञान शिकवणारा मास्तर जगाच्या पंक्तीला बसू शकत होता. परंतु १८५२ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ज्यांना इंग्रजी शिक्षणाची धास्ती होती त्यांची धास्ती पक्की झाली. १८५७ च्या धुमाळीत कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले.

याच कॉलेजचे एक विद्यार्थी डेप्युटी नजीर अहमद. त्यांच्या वडिलांची इंग्रजीला सक्त मनाई होती. म्हणून कॉलेजात ते अरबीकडे राहिले आणि इंग्रजी नंतर स्वतःच्या मेहनतीने शिकले. पुढे इंडियन पीनल कोडचे उर्दू भाषांतर, 'ताजीरात-ए-हिंद', करणाऱ्यांत ते प्रमुख होते. 'डिफेमेशन'साठी 'इजाला-ए-हैसियत-ए-उर्फी' हा शब्द त्यांचाच मानला जातो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जायचे, तिथली कल्पना पकडायची आणि आपल्या भाषेत तिला घर द्यायचे, हे काम त्यांनी केले. ज्याला इंग्रजी शिकू दिले नाही त्यानेच इंग्रजी कायद्याला उर्दू जबान दिली, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

साहेबांचे कोश

आता कोशांकडे पाहू. कारण शब्द शिकायचा तर कोश हवा. गिलख्रिस्टचा इंग्रजी-हिंदुस्थानी कोश १७८७ ते १७९० या काळात कलकत्त्यात निघाला. शेक्सपिअरचा १८१७ मध्ये, फॉर्ब्सचा १८४८ मध्ये, फॅलनचा हिंदुस्थानी-इंग्रजी कोश १८७९ मध्ये, प्लॅट्सचा १८८४ मध्ये. फॅलनने तर बायकांच्या बोलीतले, गल्लीबोळातले शब्दही गोळा केले. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या सय्यद अहमद देहलवी यांनी पुढे 'फरहंग-ए-आसफिया' हा उर्दूचा मोठा कोश रचला. मराठीतही मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये आला.

या सगळ्या कोशांचे ऋण आहेच. पण ते कोणासाठी होते? बहुतेक ते साहेबासाठी होते. खानसाम्याशी बोलायला, पलटणीत हुकूम द्यायला, कचेरीत अर्ज वाचायला साहेबाला हिंदुस्थानी लागत असे. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची गरज या कोशकारांसमोर नव्हती. त्याला शब्दाचा उच्चार कळायला हवा, वाक्यात वापर दिसायला हवा, अर्थ त्याच्या शाळेतल्या उर्दूत मिळायला हवा. अशा मुलासाठी कोश होण्यास फार काळ जावा लागला.

बोरीबंदरसमोरची शाळा

उत्तरेत सर सय्यद अहमद खान यांचे विचार याच प्रश्नाभोवती फिरत राहिले. १८६४ मध्ये गाजीपूरला त्यांनी सायंटिफिक सोसायटी काढली ती इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी. १८६७ मध्ये त्यांच्या मंडळाने देशी भाषेतील विद्यापीठाची मागणी केली. पण पुढे त्यांचे मत बदलले. १८७५ मध्ये अलीगढला सुरू झालेल्या शाळेत आणि नंतरच्या कॉलेजात उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजीच राहिली. भाषांतराच्या वेगाने आपण कधीच युरोपला गाठणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

आपल्या मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा मुहम्मद अली रोगे, मुन्शी गुलाम मुहम्मद ही मंडळी त्यामागे होती. १८८० मध्ये शाळा निघाली आणि १८९३ मध्ये बोरीबंदर स्टेशनसमोरची तिची देखणी इमारत उघडली. बद्रुद्दीन यांचे स्वतःचे शिक्षण या जोडनावाचा नमुनाच आहे. घरची भाषा गुजराती. सुरुवातीचे शिक्षण मदरशात, तिथे हिंदुस्थानी आणि फारसी. मग इंग्रजी शाळा, मग विलायत. १८६७ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले, १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती.

१८८२ च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा वेगळा विचार केला आणि त्यांना खास उत्तेजन देण्याच्या शिफारशी केल्या. दरम्यान 'अँग्लो' आणि 'उर्दू' हे दोन शब्द शाळांच्या नावात एकत्र आले. हे नाव म्हणजे एक तडजोड होती. घरच्यांना उर्दूचा दिलासा आणि मुलाला इंग्रजीची शिडी.

पण महाराष्ट्रात एक गुंता आणखी होता, तो आजही आहे. कोकणातल्या मुसलमान मुलाच्या घरची भाषा कोकणी. मराठवाड्यात दखनी. कित्येक घरांत सरळ मराठी. शाळेत उर्दू, कुराणाचे पठण अरबीत, बाजारात आणि एस.टी.त मराठी, आणि मोठ्या पगाराच्या नोकरीची भाषा इंग्रजी. एवढ्या भाषा कानावरून जाणाऱ्या मुलाला 'भाषेत कच्चा' म्हणताना आपण शिक्षकांनी थोडा विचार करायला हवा.

औरंगाबादचे काम

या कथेतला सर्वात मोठा अध्याय आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर घडला, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी माहीत नाही. उत्तरेतल्या हापूडचे मौलवी अब्दुल हक अलीगढला शिकून निजामाच्या राज्यात आले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ते शिक्षण खात्यात अधिकारी होते. १९१२ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि अंजुमनचे दफ्तर औरंगाबादला आले. जवळजवळ पाव शतक उर्दूचे मोठे काम या शहरातून चालले. १९२१ मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक इथून निघाले. त्याच वर्षी वहीदुद्दीन सलीम यांचा 'वज-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ अंजुमनने छापला. नवी शास्त्रीय संज्ञा कशी घडवावी, उपसर्ग-प्रत्यय कसे लावावेत, केवळ अरबीवर का विसंबू नये, याचे ते शास्त्रच आहे.

तिकडे १९१७ मध्ये निजामाच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची पायाभरणी झाली आणि त्याच्यासाठी 'दारुत्तर्जुमा', म्हणजे भाषांतर विभाग, उघडला गेला. त्याचे पहिले प्रमुखही अब्दुल हकच. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा ही सारी विद्या उर्दूतून शिकवण्याचा हा प्रयत्न होता. एक गोष्ट आपण विसरतो. उस्मानियात इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. ज्ञान उर्दूत, पण इंग्रजीची खिडकी उघडी, अशी ती योजना होती.

१९३७ मध्ये अब्दुल हक यांचा 'स्टँडर्ड इंग्लिश-उर्दू डिक्शनरी' अंजुमनने प्रसिद्ध केला. गिलख्रिस्टनंतर सुमारे दीडशे वर्षांनी उर्दू वाचणाऱ्याच्या बाजूने पाहणारा भरघोस इंग्रजी कोश हातात आला. विद्यार्थ्यांसाठी त्याची छोटी आवृत्तीही निघाली. अनेक शिकलेल्या घरांत तो जतन करून ठेवलेला असे.

या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठवाड्यातल्या मराठी मुलाला आणि तेलंगणातल्या तेलुगू मुलाला परक्या भाषेतून भूगोल-गणित शिकावे लागे. 'मुसल्लस' म्हणजे त्रिकोण हे कळेपर्यंत त्याचा अर्धा तास जाई. जो ताण आज आपली मुलगी अकरावीत सोसते, तोच त्या काळी मराठी मुलाने सोसला. आपल्या भाषेचा अभिमान बाळगताना हे आठवले तर अभिमानाला शहाणपण येते. १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले आणि उस्मानियातील उर्दू माध्यमही गेले.

संज्ञा मात्र उरल्या. त्या परंपरेतले अनेक शब्द महाराष्ट्राच्या उर्दू पाठ्यपुस्तकांत आजही नांदत आहेत. पुण्याची बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली. तिची उर्दू पुस्तके उघडा. त्रिकोणाला मुसल्लस, समांतरला मुतवाजी, काटकोनाला कायमा जाविया, घनतेला कसाफत, रेणूला सालमा. हे शब्द अवघड वाटतात खरे. पण ते कोणीतरी विचार करून घडवलेले आहेत, आणि त्यांच्यातच इंग्रजीकडे जाणारा रस्ता आहे. तो कसा, ते पुढे सांगतो.

ढाक्याचा एक मास्तर

इंग्रजी शब्द किती आणि कोणते शिकवावेत, याचा शास्त्रीय विचार करणाऱ्यांत मायकेल वेस्ट हे नाव मोठे आहे. हे गृहस्थ ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांची इंग्रजी क्रमिक पुस्तके तपासताना त्यांना दिसले की एकेका पानावर नव्या शब्दांची नुसती गर्दी आहे. एक शब्द पचण्याआधी दुसरा येतो आणि पहिला पुन्हा भेटतच नाही. १९२६ मध्ये त्यांचे 'बायलिंग्वलिझम' हे पुस्तक निघाले. त्यांनी वाचनमाला तयार केल्या, त्यांत दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे शब्द घातले आणि नवे शब्द अंतराअंतराने पेरले. १९५३ मध्ये त्यांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' प्रसिद्ध झाली. सुमारे २००० शब्द. साध्या इंग्रजी मजकुराचा जवळजवळ ८० टक्के भाग एवढ्यात येतो, असे मानले जाते. जगभर इंग्रजी शिकवण्याचा पाया ठरलेल्या या कामाची सुरुवात गरीब बंगाली मुलांच्या वर्गात झाली.

दुसरीकडे अमेरिकेत निराळी हवा होती. १९४५ पासून 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये शब्दसामर्थ्य वाढवण्याचे सदर सुरू झाले. १९४९ मध्ये नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' आले. आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक दुकानात ते मिळते. पुस्तक चांगले आहे, शब्दांची मुळे छान सांगते. पण त्याचा मूळ वाचक ज्याची इंग्रजी आधीच पक्की आहे असा माणूस होता. आपल्या मुलांनी त्यातून माणूसद्वेष्ट्याला इंग्रजीत काय म्हणतात ते पाठ केले आणि 'देअरफोर' कुठे वापरावे ते राहून गेले. कठीण शब्द म्हणजे मोठी इंग्रजी, हा भ्रम आपल्या हायस्कुलांत खोलवर रुजलेला आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी घरांत जे शांतपणे, पायरीपायरीने केले ते आपण घाईने करू पाहतो.

मग पुढच्या शिक्षणाला लागणारे शब्द कोणते? न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचा अभ्यासविषयक मजकूर तपासून २००० मध्ये एक यादी दिली. त्यात ५७० शब्दकुळे आहेत. वेस्टच्या यादीनंतर ही यादी शिकली तर कॉलेजच्या पुस्तकांचा आणखी सुमारे १० टक्के भाग उलगडतो. या यादीत फोटोसिंथेसिस नाही. तिच्यात अझ्यूम, डिराइव्ह, कन्सिस्ट, एव्हिडन्स, फॅक्टर, कन्सेप्ट, प्रिन्सिपल, सोर्स असे शब्द आहेत. अकरावीतली मुलगी खरे तर इथे अडते. फोटोसिंथेसिस पुस्तकात समजावून सांगितलेले असते. 'अझ्यूम'चा अर्थ कोणीच सांगत नाही, कारण तो सगळ्यांना येतो असे गृहीत धरलेले असते.

शब्द अनोळखी नाहीत

आता उर्दू माध्यमाच्या आठवीच्या मुलाकडे वळू. गणिताच्या पुस्तकात तो रोज वाचतो, 'फर्ज करो'. अझ्यूम म्हणजे फर्ज करणे. तो वाचतो, 'पानी दो अनासिर पर मुश्तमिल है'. कन्सिस्ट म्हणजे मुश्तमिल असणे. एव्हिडन्स म्हणजे सबूत, फॅक्टर म्हणजे आमिल, कन्सेप्ट म्हणजे तसव्वुर, प्रिन्सिपल म्हणजे उसूल, सोर्स म्हणजे माखज, डिराइव्ह म्हणजे अखज करणे. हे सारे शब्द त्याच्या डोक्यात आहेत. कल्पना तयार आहे, फक्त तिचे दुसरे नाव सांगायचे आहे. शिक्षक म्हणून आपण ही गोष्ट त्याला कधी सांगत नाही. इंग्रजीच्या तासाला उर्दू बंद आणि विज्ञानाच्या तासाला इंग्रजी बंद. दोन तासांच्या मधली भिंत आपणच बांधलेली आहे.

शब्दाची मुळे समजण्याची सवयही या मुलाला असते. इल्म, आलिम, मालूम, तालीम, मुअल्लिम हे एकाच घरातले शब्द आहेत, हे त्याला न शिकवता जाणवते. मग डिस्क्राइब, प्रिस्क्राइब, सबस्क्राइब, मॅन्युस्क्रिप्ट यांचे घर एक आहे आणि त्या घरात 'लिहिणे' राहते, हे समजायला त्याला वेळ लागत नाही. दूरबीन म्हणजे टेलिस्कोप, खुर्दबीन म्हणजे मायक्रोस्कोप. 'दूर' म्हणजे टेली, 'खुर्द' म्हणजे मायक्रो, 'बीन' म्हणजे स्कोप. महाराष्ट्रात गावोगावी खुर्द आणि बुद्रुक आहेतच, तेव्हा खुर्द म्हणजे लहान हे वेगळे शिकवावे लागत नाही. 'जिया' म्हणजे प्रकाश, म्हणजेच फोटो. 'तालीफ' म्हणजे जुळवणे, म्हणजेच सिंथेसिस. मराठीतले प्रकाशसंश्लेषण याच दोन तुकड्यांचे आहे. तीन भाषांत एकच विचार तीन वेळा जोडलेला आहे. हे फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवले की वर्गातल्या मुलींच्या चेहऱ्यावरची भीती उतरताना मी पाहिली आहे.

इंग्रजीतच आपले काही जुने पाहुणे राहतात, हेही मुलांना सांगावे. सायफर हा सिफ्र आहे. ॲडमिरलमध्ये अमीर आहे, मॅगझिनमध्ये मखजन, टॅरिफमध्ये तारीफ. झेनिथ 'सम्त'वरून आला. अल्जिब्रा अल-जब्र आहे आणि अल्गोरिदममध्ये नवव्या शतकातील ख्वारिझ्मी यांचे नाव दडलेले आहे. मात्र एवढ्यावर खूश होऊन बसू नये. बाप-आजोबांनी शब्द दिले म्हणून नातवाला इंग्रजी येत नाही. पण परक्या घरात आपला एखादा नातेवाईक भेटला की आत जायला संकोच वाटत नाही, तेवढा उपयोग नक्कीच आहे.

पाठांतराचे काय?

पाठांतराला आजकाल नावे ठेवण्याची रीत आहे. मला वाटते दोष पाठांतराचा नाही, एकदाच पाठ करण्याचा आहे. आपली मुले 'अल्फाज-माने'ची वही परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात आणि आठवड्याने विसरतात. १८८५ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून विस्मरण किती झपाट्याने होते आणि अंतराने केलेली उजळणी कशी टिकते हे मांडले. आम्ही बी.एड.ला ते पाठ केले. पण कुराण हिफ्ज करणारा मुलगा हेच तत्त्व रोज पाळत असतो. आजचा नवा भाग म्हणजे सबक. मागच्या काही दिवसांचा भाग म्हणजे सबकी. आणि जुन्या साऱ्याची फिरती उजळणी म्हणजे मंजिल. या तीन पायऱ्यांशिवाय कोणी हाफिज होत नाही. शेजारच्या मदरशात चालणारी ही रीत आमच्या इंग्रजीच्या तासाला का येऊ नये?

हिशेब साधा आहे. आठवी ते दहावी ही तीन वर्षे. वर्षाला शिकवण्याचे ३० आठवडे धरा. आठवड्याला फक्त ७ शब्द. तीन वर्षांत ६३० होतात. ५७० ची यादी त्यात मावते आणि उजळणीला जागाही उरते. वहीत तीन रकाने असावेत, उर्दू, मराठी, इंग्रजी. शब्द सुटा लिहू नये, विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या पुस्तकातले वाक्य सोबत असावे. सोमवारी सबक, बुधवारी सबकी, शनिवारी मंजिल. यासाठी प्रोजेक्टर लागत नाही, देणगी लागत नाही. इंग्रजीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा एकत्र बसावे लागते, एवढेच.

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. काही उर्दू शाळांनी सेमी-इंग्रजीही स्वीकारली आहे. तरी पालकांचा धीर सुटत चालला आहे. ऐपत नसताना, पोटाला चिमटा घेऊन, मुलाला गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घालणारे बाप मी रोज पाहतो. त्यांना दोष देता येत नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास मुले मदरशात जातात. बाकी समाज शाळेच्याच दारात उभा आहे. त्यात मुलींचे प्रमाण मोठे आहे, आणि घराजवळची उर्दू शाळा आहे म्हणूनच त्यांतल्या अनेकींची शाळा चालू आहे. ती शाळा दुबळी झाली तर भाऊ इंग्रजी शाळेत जाईल, बहीण घरी बसेल.

दिल्ली कॉलेजने भाषांतराचा मार्ग धरला, अलीगढने इंग्रजीचा, उस्मानियाने उर्दूसोबत इंग्रजी सक्तीची ठेवली. तिन्ही ठिकाणी थोर माणसे होती आणि तिघांनीही समाजाला काही दिले. त्यांनी घडवलेले शब्द आपल्या पुस्तकांत छापून आलेले आहेत, त्यांनी रचलेले कोश आपल्या कपाटांत आहेत. हायस्कूलच्या शिक्षकाचे काम त्यांच्यापेक्षा बरेच लहान आहे. 'फर्ज करो' आणि 'अझ्यूम' यांची ओळख आठवीच्या वर्गातच करून द्यायची, म्हणजे अकरावीच्या वर्गात त्या मुलीला दोन्ही शब्द भेटतील तेव्हा तिला मान खाली घालावी लागणार नाही.